तुझ्या दुखण्यात माझं वजन वाढलं

आता सगळे मला खा म्हणतात.

तुला पोचवून आलो त्याच दिवशी तुझा भाऊ किसन डाळजहून पिठलं-भाकरी बांधून घेऊन आला. आपल्या घरात चूल पेटायची नव्हती, कडू घास द्यायचा मान त्याचा. अंगणात घोंगडीवर मला बसवलं, भाकरी मोडली आणि घास माझ्या तोंडाशी धरला. "घ्या दाजी. दोन घास तरी घ्या. ताकद राहायला पायजे." मी त्याच्या हाताकडं बघत राहिलो. हे शब्द माझे होते, तुला भरवतानाचे. हात धरायची तऱ्हासुद्धा माझीच, खाली काही सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ केलेली. घास घेतला, पण तो तोंडातच फिरत राहिला. किसन बघत होता म्हणून पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला.

शेवटी शेवटी तू एकदा बोलून गेलीस, "मी तुमच्यासाठी गिळतीया." बोललीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. त्यावर आपलं बोलणं झालंच नाही. आता ते वाक्य माझ्यापुढं रोज ताटासारखं येऊन बसतं. सगळंच माझ्यासाठी गिळलंस का? एवढ्या महिन्यांत एक घास तुझ्या स्वतःच्या जिभेसाठी नव्हता? मला एवढंच विचारायचंय. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस आणि तुला सहीपलीकडं काही येत नव्हतं. मी लिहावं आणि तू वाचावं, असलं आपल्यात कधी काही नव्हतं. पण बोलायचं म्हटलं तर समोर माणूस लागतं.

गाठ निघाली तेव्हा बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी संपतला आत बोलावून सांगितलं. आपला पोरगा बाहेर येऊन भिंतीला टेकला, तेव्हाच तू ओळखलंस. "तसलंच हाय ना? मग तोंड लपवून काय हुतंय, सांग की." गर्भाच्या पिशवीच्या बाजूची गाठ. आधी सलाईनमधनं औषधं, मग ऑपरेशन, मग परत औषधं. तू सगळं नीट ऐकून घेतलंस आणि विचारलंस काय, तर "ह्यांच्या जेवणाचं कसं हुईल?" मला त्या वेळी तुझा एवढा राग आला होता. मरणाची गोष्ट चाललीय आणि हिला माझ्या भाकरीची काळजी.

तिथं खाण्यापिण्याचं सांगायला एक मॅडम होत्या. आपल्या नातीच्या वयाच्या, पण बोलणं एकदम नेटकं.

"आजी, दिवसातनं किती वेळा जेवता?"

"दोनदा."

"कधी कधी?"

"ह्यांचं झाल्यावर."

"म्हणजे साधारण किती वाजता?"

"ह्यांचं झाल्यावर ओ!" तुला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "आजोबा, तुमचं कधी होतं?"

"रानातनं आल्यावर," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग आपल्याला लहान पोरांना सांगावं तसं सांगितलं. या औषधानं भूक मरते. कधीतरी अचानक येते आणि लगेच जाते. आली की त्याच वेळी खायचं, थोडं थोडं, दिवसातनं पाच-सहा वेळा. अंडं, डाळ, दूध, दही, शेंगदाण्याचा कूट, जे जाईल ते. फोडणीचा वास सोसला नाही तर गार खायचं. रस्त्यावरच्या गाड्यावरचं उघडं काही नको. आणि दर वेळी वजन होणार. वजन उतरत गेलं तर अंगाला औषध सोसत नाही, मग डॉक्टरांना ते पुढं ढकलावं लागतं. बाकीचं माझ्या डोक्यावरनं गेलं, पण हे शेवटचं कळलं. ओल नसताना रानात खत टाकलं तर पीक जळतं. हे तसंच.

पण घरी आलो आणि सगळं उलटं झालं. आपल्या निमगावचे बापूराव तुला बघायला आले. बसल्या बसल्या मोबाईल काढला. "वहिनी, साखर म्हंजी गाठीचं खाद्य बघा. साखर तोडा, गाठ उपाशी मरती." दुसऱ्या दिवशी तू फिका चहा मागितलास. मग गूळ सोडलास. मग तुझी चुलत बहीण म्हणाली, दूध नको, दुधानंबी वाढती. दूध गेलं. आणखी कुणी म्हणालं गहू नको. गहू गेला. दारापुढं ऊस उभा, कारखान्याच्या सभासदाची साखर कोठीत पडलेली, आणि घरातली बाई तोंड वाकडं करून फिका चहा पितेय. मीसुद्धा तुला अडवलं नाही. शहरातली माणसं भ्यायली नसतील एवढे आपण भ्यायलो. कारण रस भरला की ऊस कसा बघता बघता जाड होतो ते आपण जन्मभर बघितलेलं. आत पोटात तसंच काहीतरी होत असणार, असं दोघांनाही वाटलं.

पुढच्या खेपेला वजनकाट्यावर तू उतरलेली. मॅडमनी विचारलं, काय काय बंद केलंय? तू बोटं मोजत सांगत गेलीस.

"मग उरलं काय, आजी?"

"भात," तू म्हणालीस. "तोबी ह्यांचं झाल्यावर."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला शुगर नाही. चहात साखर घातली म्हणून गाठ वाढत नाही. तुम्ही उपाशी राहिलात तर तुमचं मांस झडेल, गाठीचं काही बिघडणार नाही." पुढं बापूराव परत आले तेव्हा त्यांच्यापुढं आणि स्वतःपुढं एकेक कप ठेवलास, आपल्या कपात त्यांच्या देखत दोन चमचे साखर घातलीस आणि म्हणालीस, "घ्या बापूराव. गाठीला पाहुणचार." बिचारे कपात बघत बसले. मी पडवीत जाऊन हसलो.

साखरेचं मिटलं. पण दुसरं मिटेना.

तुझी भूक यायची ती न्याहारी उलटून गेल्यावर, नाहीतर दुपारी टळटळीत उन्हात, कधी दिवस कलताना. रेखा फोन करायची. सून म्हणून तिच्यावर तू कमी ओरडली नाहीस, पण तुझ्या भुकेवर पहारा तिनंच केला. "तात्या, लवकर या, आत्याला भूक लागलीया." मी पार ओढ्याच्या कडेला, उसाला पाणी धरलेलं. पाण्याचं बारं वळवून, चिखलाचे पाय धुऊन, धापा टाकत घरी यायचो. तू ताट झाकून वाट बघत बसलेली. मी पहिला घास मोडायचो आणि तू म्हणायचीस, "गेली." जशी काही एसटी गेली.

"अगं, मी रानात मरून पडलो असतो तर उपाशी राहिली असतीस व्हय?"

"वंगाळ बोलू नका. तुमच्या आधी घशाखाली उतरतच न्हाय, त्याला मी काय करू? लगीन झाल्यापास्नं सवय हाय."

हे तुझं नाटक नव्हतं. रेखानं एकदा बळंच भरवलं तर तू सगळं ओकलीस. औषधानं ओकलीस का सवयीनं, ते कोण सांगणार? तुझ्या आईनं, माझ्या आईनं, सगळ्यांनी मिळून तुला घडवलेलं. ते असं मधेच उतरवून ठेवता येत नव्हतं.

मग मी पाण्याचं काम संपतवर टाकलं आणि घरी बसलो. तुला आधी जेवायचं नाही ना? बरं. मग मी जेवतो. तुला भूक लागली की मी जेवायला बसायचो, मग माझं पोट भरलेलं असो नाहीतर नसो. पहिला घास माझा, मग तुझा. तू एक खाल्लास की मी एक. मी थांबलो की तू थांबायचीस, म्हणून मला थांबता यायचं नाही. उकडलेलं अंडं, मुगाची पातळ खिचडी, दूध-भात, कूट घातलेलं दही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी खातोय. आयुष्यात एवढं बसून खाल्लं नव्हतं. तुझ्या तोंडात लोखंडाची चव यायची, खिळा चघळल्यागत म्हणायचीस, म्हणून रेखानं तुला लाकडी चमचा आणला. मीही तोच घेतला. फोडणीच्या वासानं तुला मळमळायचं म्हणून रेखा मागच्या पत्र्याखाली स्वयंपाक करायला लागली. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास तू देवाकडनं सुट्टी मागून घेतलेस. "सलाईन संपस्तवर. मग फेडीन," असं देव्हाऱ्यापुढं बोललीस. देवाशी तू कायम असंच बोलायचीस, उसनं मागितल्यासारखं.

याचं फळ मला मिळालं. माझ्या सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. निमगावच्या बाजारात भीमरावानं भर गर्दीत हाक मारली, "तात्या, दुखणं वहिनींना आन बाळसं तुमाला?" लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी बायको औषधानं टकली झालीय आणि मी लग्नातल्या आचाऱ्यासारखा फुगलोय. लोकांना काय सांगायचं, की मी तिच्या वाटचं पचवतोय? घरी येऊन तुला सांगितलं तर तू पोट धरून हसलीस. तोंडात फोड आलेले, हसताना दुखत होतं, तरी हसलीस. पुढच्या खेपेला दवाखान्यात तुझं वजन झालं, जसंच्या तसं. तू नर्सबाईला म्हणालीस, "आता ह्यांचंबी करा." मी नको नको म्हणत काट्यावर चढलो. नर्सबाईनं आकडा वाचला आणि तू तिथंच बाकावर बसून हसत राहिलीस. बाकीचे पेशंट बघायला लागले. औषध मात्र ठरल्या दिवशी चढलं. एकदाही पुढं ढकललं नाही.

मी तुला कधी म्हणालो नाही, पण ते दिवस मला वाईट गेले नाहीत. एवढी वर्षं तू माझ्यापुढं उभी राहून वाढलंस. तुझ्या तोंडात घास असताना तुझा चेहरा कसा दिसतो, हे मला म्हातारपणी कळलं. तू डाव्या बाजूनं चावायचीस. पुरणाची पोळी तुला कधीच आवडली नव्हती हेही तेव्हाच कळलं. सणाला तू ती का करायचीस? "तुमाला आवडती म्हणून." आणि मला का आवडती? माझ्या आईनं केली म्हणून. असलं सगळं आपण तेव्हा बोललो.

ऑपरेशन झालं, उरलेली औषधं झाली, डॉक्टर म्हणाले गाठ दिसत नाही. पण चव यायला वेळ लागला. मॅडमनी सांगितलं होतं, हळूहळू येईल, खाणं सोडू नका. मग एक दिवस तू आमटीचा घोट घेतलास आणि वाटी खाली आपटलीस. "रेखे, मीठ वतलंस का पोतं उलटं केलंस?" रेखा पळत आली, आमटी चाखली आणि रडायलाच लागली. "आत्याला खारट लागलं! अवो, आत्याला खारट लागलं!" संपत बाहेरनं आत आला. सगळ्यांनी ती खारट आमटी खाल्ली त्या दिवशी, कुणी पाणी घालू दिलं नाही. शिव्या खाऊन एवढी खूश झालेली सून मी दुसरी बघितली नाही.

आणि बरी झालीस तशी तू परत मागं सरकलीस. माझं ताट पुढं, तुझं चुलीपाशी. मी म्हणालो, हे काय? तू म्हणालीस, "आता काय झालंय मला?" नातीच्या लग्नात तू पदर खोचून वाढायला उभी राहिलीस आणि शेवटच्या पंगतीला बसलीस, सगळं गार झाल्यावर. मी मांडवात सगळ्यांसमोर ओरडलो. तू कानाडोळा केलास. सोडलेले उपास एकेक करून फेडायला घेतलेस. त्यावरनं आपण किती भांडलो. ते भांडण अर्धंच राहिलं, कारण मधेच तुझं पोट फुगायला लागलं.

गाठ परत आली होती. मी मॅडमना तोंडावर विचारलं, उपासानं आली का? त्या म्हणाल्या, "नाही आजोबा. खाण्यानं जात नाही आणि उपासानं येत नाही. खाण्यानं फक्त अंगात झुंजायची ताकद राहते." मी मान हलवली. मला पटतंसुद्धा. पण अजून एखाद्या सोमवारी साबुदाणा दिसला की माझं डोकं फिरतं.

या वेळी पोटात पाणी साठायचं. दोन घासांत तुला भरल्यासारखं व्हायचं. औषधं दिली, पाणी काढलं, परत साठलं. एक दिवस डॉक्टरांनी आणि मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं की आता त्यांना हवं ते आणि हवं तेवढंच द्या, आग्रह करू नका, आता त्यांचं अंगच अन्न मागत नाही. संपत आणि रेखानं ऐकलं. मी नाही ऐकलं. मला एकच माहीत होतं. जोवर वजन टिकलं तोवर तू टिकलीस. मी ताट घेऊन बसायचो. पहिला घास माझा. मग तुझ्याकडं बघायचो. तू तोंड उघडायचीस. मग उलटी. मग परत मी.

"तात्या, बास करा," रेखा म्हणायची.

"तू गप गं. न्हाय खाल्लं तर कसं हुईल?"

त्यातच तू ते बोललीस. तुमच्यासाठी गिळतीया. आणि त्यानंतर ताट आणलं की डोळे मिटून घ्यायचीस. मी चमचा ओठाला लावायचो. शेवटचं तू माझ्याशी बोललीस ते "पुरं की आता." दुसऱ्या दिवशी बोलणं बंद झालं.

मी चुकलो असं मी म्हणणार नाही. तू असतीस तरी म्हणालो नसतो. पहिल्या खेपेला मी हट्ट केला नसता तर तुला ती खारट आमटी आणि नातीचं लग्न दिसलं नसतं. पण दुसऱ्या खेपेला कुठं थांबायचं ते मला कुणी हाताला धरून दाखवलं नाही. सांगितलं, पण सांगून कळणारं ते नव्हतं. आणि त्या एका वाक्यानं तू मागचंसुद्धा सगळं घेऊन गेलीस. मला वाटायचं आपण दोघं जेवत होतो. तू तर म्हणतेस की मी एकटाच जेवत होतो आणि तू राबत होतीस.

तेरावा झाला, पाहुणे गेले. परवा दुपारी रेखानं ताट वाढलं. मी तसंच सरकवलं. तिनं झाकून ठेवलं. मी म्हणालो, "खा म्हणत न्हाईस व्हय?"

"भूक लागली की मागाल की."

मग मी तिला विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारणार? "रेखा, तुझी आत्या माझ्यासाठी खायची का गं सगळं? बळंच?"

ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "तात्या, रागावणार न्हाई ना?"

"बोल."

"तुमी दुपारचं जेवून आडवं झालासा की आत्या मला खुणवायच्या. मी फ्रीजमधनं दही काढायची, साखर घालायची, सकाळची भाकरी कुस्करायची. मागच्या पत्र्याखाली बसून आमी दोघी खायचो. आत्या वाटी बोटानं पुसून खायच्या."

"कवा?"

"पयल्या खेपेला, तुमी घरी बसाय लागल्यापास्नं. आन दुसऱ्या खेपेलाबी, पार पाणी साठायला लागलं तवर. रोज न्हाय, पन भूक आली की."

"माझ्या आधी तिच्या घशाखाली उतरत न्हवतं ना?"

"आत्या म्हणायच्या, सकाळी ह्यांच्यामागनं खाल्लंय, आता दुपारचं माझं."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"त्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, त्यांना कळलं तर ताट घिऊन येतील समोर बसायला." एवढं बोलून रेखानं तोंडाला पदर लावला, पण हसू बाहेर आलंच. "म्हणायच्या, रेखे, सगळ्याची चव गेली गं, पन नवऱ्याच्या आधी खाल्ल्याल्याची चव लागती बघ."

मला आधी रागच आला. मी गुंड्या तुटेपर्यंत खाल्लं, बाजारात लोकांची बोलणी खाल्ली, आणि तू मागच्या दारी बसून वाट्या चाटत होतीस. तुम्ही दोघी माझं घोरणं ऐकून वाटी बाहेर काढत होता. एवढ्या वर्षांत तू मला एकदा फसवलंस, आणि तेही दही-साखरेसाठी.

मग मी ते झाकलेलं ताट ओढून घेतलं आणि रेखाला म्हणालो, आधी तू जेव. ती ऐकेना. तिच्याशी मी अजून भांडतोय.

पण तुला एक सांगतो. मला सांगायचं होतंस गं. मी ताट घेऊन आलो नसतो. दुपारचा आणखी उशिरा उठलो असतो.